आयडी नाही त्याला जेवण नाही

नरडाणा, बुधवार

तीर्थस्वरूप ताईबाई अक्का हिच्या पायांवर लोटनचं डोकं (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष वाकता येत नाही, मनातल्या मनात वाकलो असं समज). तुझी बीपीची गोळी चालू असेल, दाजींचा खोकला गेला असेल आणि पहूरला सगळे सुखरूप असतील, असं धरून चालतो. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसायला लागतेस आणि मी कुठवर आलो होतो तेच विसरतो. म्हणून बसून लिहितोय. अक्का, आपल्या भूषणचं लग्न जमलं! आनंदाच्या घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुला माहीतच आहे, भूषणला आजवर पाच मुलींनी नकार दिला. पोराचं वर्कशॉप चांगलं चालतं, एमआयडीसीतल्या निम्म्या मशिनी त्याच्या हातून दुरुस्त होतात, पण प्रत्येक मुलीला पुण्यातला नवरा पाहिजे. पाचव्या नकारानंतर तो मला म्हणाला, नाना, आता कोणालाच विचारू नका. तेव्हापासून घरात लग्नाचा विषय बंद होता. अशात पिंपळनेरच्या प्रेमराजभाऊंचं स्थळ आलं. ते नोकरीनिमित्त पंचवीस वर्षं बंगळुरूला. मुलगी सुलक्षणा तिथेच शिकली, तिथेच औषधांच्या कंपनीत आहे, आणि तिला म्हणे गावाकडेच यायचंय! सुट्टीत पिंपळनेरला आलेत, तर रविवारी मुलीसह घर पाहायला येतो म्हणाले. मी आनंदाने माझा नंबर दिला. आणि गुरुवारी त्या मुलीचा मेसेज आला. इंग्रजीत.

मेसेजात तीन ओळी होत्या आणि तिन्हींची सुरुवात एकाच शब्दाने. आय आणि डी, एकमेकांना चिकटून. आयडी लव्ह टू सी द हाउस. आयडी लाइक टू मीट एव्हरीवन. आयडी रादर नॉट ईट बिफोर मीटिंग एव्हरीवन. भूषण चार दिवस वापीला मशिनीचे पार्ट आणायला गेलेला. त्याला विचारावं, तर मुलगी ओळखपत्रं मागते म्हटल्यावर तो तिथूनच नाही म्हणाला असता. म्हणून मी शेजारच्या मोतीलाल सरांकडे गेलो. (सर चित्रकलेचे, पण शाळेत इंग्रजीचा तास रिकामा असला की तेच जात.) सरांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं आणि उलगडा केला. घर पाहताना आयडी प्रेमाने दाखवावा. भेटणाऱ्या प्रत्येकाकडे आयडी असावा. आणि तिसरी ओळ कडक आहे म्हणाले: ज्याच्याकडे आयडी नाही, त्याने जेवू नये.

अक्का, खरं सांगतो, मला मुलगी आवडली. हल्ली लग्नात किती फसवाफसवी चालते! आणि मी एसटीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड पाहिल्याशिवाय मी सख्ख्या सासऱ्यालाही अर्धं तिकीट दिलं नाही. (त्यांनी ते मरेपर्यंत लक्षात ठेवलं.) मी लगेच कामाला लागलो. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं गोळा केली, फोटो स्टुडिओतून प्रत्येकाचं गळ्यात घालायचं कार्ड करून आणलं, लाल फितीसकट. माझ्यावर ‘वराचे वडील’, तुझ्या भावजयीवर, सुनंदावर ‘वराची आई’, मोतीलाल सरांवर ‘शेजारी व भाषांतरकार’. सुनंदाने कार्ड पाहिलं आणि पुरण वाटता वाटता मला म्हणाली, “तुमनं डोकं ठिकाणवर शे का?” पण मुलीकडची अट म्हटल्यावर तिनेही घातलं. भूषण रविवारी सकाळी आला, त्याच्या गळ्यात ‘वर’ असं कार्ड मी स्वतः अडकवलं. तो थकलेला होता. हे काय म्हणून विचारलंसुद्धा नाही त्याने, एवढंच म्हणाला, “नाना, हे शेवटचं.”

आणि नेमका सुनंदाचा भाऊ छगन दोंडाईच्याहून आला तो रिकाम्या हाताने. आधार घरी, लायसन दुसऱ्या पँटीत. मी फार गोडीने सांगितलं की छगनभाऊ, आज नियम आहे, तुम्ही बाहेर लिंबाखाली बसा, पाहुणे गेले की आपण दोघं सावकाश जेवू. छगनने काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या. बाहेर जाऊन बाकावर बसला. सुनंदाने मात्र मांडे भाजायचं खापर असं आदळलं की मोतीलाल सर उठून उभे राहिले.

बरोबर बाराला पाहुण्यांची गाडी आली. मी दारात कार्ड पुढे करून उभा. मुलगी उतरली, साधीच, डोळे मात्र चौकस. तिने माझं कार्ड पाहिलं, सरांचं पाहिलं, मग लिंबाखालचा छगन पाहिला आणि सरळ त्याच्याकडे गेली. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत मागे धावलो. आणि अक्का, ती पोरगी त्याला बाहेर बसण्याचं कारण विचारते, “मामा, तुम्ही आठे काब्र बठेल शेतस?”

अहिराणी! आपल्यापेक्षा अस्सल! आजीने वाढवलेली पोर, बंगळुरूतही घरात अहिराणीच. फोनवर मराठी टाइप करायला जमत नाही एवढ्यासाठी इंग्रजी, आणि आम्ही इकडे चार दिवस घाम गाळतोय. छगनने मान वर न करता सांगितलं, “मन्हाकडे आयडी नही.” ती माझ्याकडे वळली. मी खिशातून तिचाच मेसेज काढून दाखवला, सरांचा अर्थही सांगितला. वाचता वाचता तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, सहावा नकार आला. भूषण भिंतीकडे तोंड करून गळ्यातलं कार्ड काढत होता.

मग तिने समजावलं. तो शब्द आय वूड. बोलताना वूड गळतो, त्याचा फक्त डी उरतो, म्हणायचं आयड, आणि मध्ये वर एक टिंब लटकवायचं असतं, शेपटीवालं. घाईत तिने ते दिलं नव्हतं. म्हणजे तिला घर पाहायला आवडणार होतं, सगळ्यांना भेटायचं होतं, आणि सगळ्यांना भेटल्याशिवाय जेवायचं नव्हतं. एवढंच! एका शेपटीपायी माझा मेहुणा उन्हात! मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती छगनशेजारी बाकावर बसली आणि भूषणला म्हणाली, “मन्हाकडेबी आयडी नही. मंग मालेबी जेवाले भेटाव नही का?”

भूषण हसला. अक्का, वर्षभरात मी त्या पोराचे दात पाहिले नव्हते. तो आत गेला, दोन ताटं वाढून लिंबाखाली घेऊन आला, एक छगनला, एक तिला, आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. दोघं तासभर बोलली. जाताना ती वर्कशॉपही पाहून गेली, आणि संध्याकाळी प्रेमराजभाऊंचा होकार आला.

तेव्हापासून मी त्या शब्दाच्या प्रेमात आहे. दूधवाल्याला म्हणतो, आयड लाइक दीड लिटर. सुनंदाला म्हणतो, आयड लव्ह चहा. ती देत नाही, पण शब्द काय सुटसुटीत आहे!

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
लोटन

ता. क. १ : खरं काम राहिलंच. छगन त्या दिवशी जेवला, पण माझ्याशी बोलत नाही, आणि तो बोलेपर्यंत सुनंदा साखरपुड्याची साडी घ्यायला तयार नाही. तो तुझा शब्द मोडत नाही. तेव्हा माझ्या वतीने तूच त्याची माफी माग. मी स्वतः मागितली असती, पण चूक मुळात मोतीलाल सरांची आहे.

ता. क. २ : पत्र बंद करता करता प्रेमराजभाऊंचा मेसेज आला. वेल कम ऑन संडे, शेपटीवालं टिंब कुठेही नाही. येत्या रविवारी ते आपलं पिंपळनेरला स्वागत करणार! मला क्षणभर शंका आली की ते स्वतःच इकडे येतायत की काय, पण सर म्हणाले, तसं असतं तर ‘वी विल’ लिहिलं असतं, हे सरळ ‘वेलकम’ आहे, मधली जागा चुकून पडली. वीस माणसांची गाडी ठरवली आहे, घराला कुलूप असेल. तूही यायचंच, पण नरडाण्याला उतरू नकोस, थेट पिंपळनेरला ये.