फ्रीझ केलंय, काळजी नाही

३ मार्च, सकाळी ९
लेकीच्या डान्स क्लासचा कार्यक्रम चौदा तारखेला. तिचं गाणं मी करणार. घरात बाप संगीतकार असताना तयार गाणं कशाला? नवा सिंथ, म्हणजे कम्प्युटरमधलं वाद्य, दहा दिवसांच्या फुकट ट्रायलवर उतरवला. दहा दिवसांत तर मी अख्खा अल्बम करीन.

५ मार्च
सिंथचे अकरा ट्रॅक झाले. कम्प्युटर रडकुंडीला आला. पंखा असा सुटलाय की बायकोने आतून विचारलं, मिक्सर चालू राहिलाय का.
स्टुडिओवाला मित्र फोनवर म्हणाला, सगळं बाउन्स कर. आवाजाची पक्की फाइल होते, मग सिंथ लागतच नाही. पक्की! म्हणजे नंतर आतला एक सूरही हलवता येणार नाही. त्यापेक्षा फ्रीझ केलं, म्हणजे आवाज तात्पुरता गोठवला. कम्प्युटर गप्प, आणि बदल सुचला की अनफ्रीझ. मित्राला कला कळत नाही.

८ मार्च
गाणं संपलं. फक्त बेस जरा जाड वाटतो. अनफ्रीझ. बारीक केला. फ्रीझ. आता फारच बारीक. अनफ्रीझ.
लेक माझ्याच खोलीत सराव करते. वैतागली. म्हणे, काल गिरकी होती तिथे आज ड्रम आलाय. म्हटलं, गाणं वाढतंय. ती म्हणाली, मी पडतेय.

११ मार्च
मित्राने विचारलं, बाउन्स केलंस ना? हो म्हणालो. उद्या करणारच आहे, म्हणजे खोटं नाही.

१३ मार्च, दुपारी ४
सगळं फ्रीझ, सगळं वाजतंय. अप्रतिम. फाइल काढणार, तेवढ्यात वाटलं शेवटचे सूर थोडे वर हवेत. सगळेच ट्रॅक अनफ्रीझ केले.

४.०५
ट्रायल सकाळी नऊलाच संपलीय. अकराही सिंथ मुके. अनफ्रीझ केलं की गोठवलेला आवाज पुसला जातो.

५.३०
सिंथ विकत घ्यायला गेलो. लायसन्स दोन दिवसांनी मिळेल म्हणे. मित्र फोनवर एवढंच म्हणाला, बाउन्स केलं होतंस ना. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. बायकोला विचारलं, लेकीला कोण सांगणार? ती म्हणाली, तू.

१४ मार्च
लेक गाण्याशिवाय नाचली. डान्सच्या बाई स्टेजच्या कडेला टाळ्या वाजवत एक-दोन-तीन-चार मोजत होत्या. पोरगी एकदाही चुकली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी येताना माफी मागितली. पुढच्या वर्षी नक्की, असंही म्हणालो. ती म्हणाली, नको बाबा, बाईंच्या मोजण्यात चार नेहमी तीननंतरच येतो.