समेवरचा चिमटा

कोल्हापूर,
१२ जानेवारी २००४

प्रिय बाबासो,

जयभीम आणि जयजिनेंद्र. गुडघा कसा आहे? प्रीतीसूनबाई अजून अळणीच जेवायला घालतात का? (डॉक्टरांचं ऐक. पण तिखटाची नुसती आठवण काढायला त्यांची परवानगी लागत नाही.) फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "बरं हाय की" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मात्र शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

तर आपल्या तालमीचा संगीत महोत्सव पार पडला. तू मुलाकडे नागपूरला गेल्यापासूनचा हा पहिलाच. संध्याकाळी मांडवाच्या दारात उभा होतो, आत तंबोरे लागत होते, आणि मला एकदम चौथीचा वर्ग आठवला. खिडकीतून येणारी चिंचेची सावली, मंदाक्रांतेतली कविता, सगळा वर्ग एका चालीत आणि मी एकटाच पुढे पळालेला. तेव्हा तू मांडीला चिमटा काढून मला यतीवर थांबवायचास. पुढे दोघेही मास्तर झालो, तू गणिताचा, मी मराठीचा. पण चिमटा तोच राहिला. महोत्सवात सम आली की तू चिमटा काढायचास, मी "व्वा!" म्हणायचो, आणि गाव मला गाण्यातला दर्दी समजायचं. (तुला कुणी विचारलं नाही, आणि तूही कधी बोलला नाहीस.)

यंदाही हौसेला काही कमी नव्हतं. घरोघरच्या सतरंज्या आल्या, पैलवानांनी आखाड्यावर फळ्या टाकून स्टेज केलं. तालमीच्या जोतीराम पैलवानानं मला पहिल्या ओळीत, गाणाऱ्यांच्या अगदी नजरेसमोर बसवलं. शेजारची तुझी जागा मी टोपी ठेवून धरली. का, ते विचारू नकोस.

धारवाडच्या बाईंनी पूरिया लावला. मी डोळे मिटले आणि थेट चिंचेखाली पोचलो. इतक्यात मांडीला चिमटा! मी जीव तोडून "व्वा!" म्हणालो. मुंगळा होता रे. पण मागे बसलेले सगळे पैलवान दाद देताना माझ्यावर विसंबून. त्यांनी एका दमात "व्वा!" केलं. मांडव हादरला. तबलजीला वाटलं आपणच चुकलो. तो बिचारा मात्रा शोधत बसला. बाईंना हसू आवरेना, गाणं थांबलं.

"सर, काय झालंय आज तुम्हास्नी?" जोतीराम माझ्या कानात म्हणाला (म्हणजे निम्म्या मांडवाला ऐकू गेलं). "तबल्याचा गडी बिथरला की!"

"नवी पद्धत आहे," मी म्हणालो.

"मग आमास्नी आधी सांगायचं न्हाय व्हय?"

कार्यक्रम संपल्यावर माफी मागायला गेलो. बाईंनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "मास्तर, ते तुमच्या शेजारचे कुठं गेले? अहो, स्टेजवरनं सगळं दिसतंय बघा. मी दरवर्षी त्यांच्याकडं बघूनच गाते." नागपूरला, म्हणालो. त्या म्हणाल्या, "तरीच आज गाणं कुठं पोचलं नाही."

मी तुझ्या जागेवरची टोपी उचलली आणि घरी आलो.

बाकी इकडे सर्व क्षेम. तुझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
बाहुबली

ता. क. : "अडलेलं नाही" हे वाक्य खोडणार होतो, पण पान घाण दिसलं असतं.

ता. क. २ : माडीवरची खोली झाडून घेतली आहे. महोत्सवाला अजून वर्ष आहे, पण तू तोवर थांबू नकोस. आणि येताना परतीचं तिकीट काढू नकोस.