जळक्या तारेचं पोतं

अण्णा, तुम्ही गेल्यापासून मंचरचं मोटार रिवाइंडिंगचं, जळक्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान मीच चालवते. तार गुंडाळताना तुमच्यासारखेच माझेही ओठ हलतात, वेढे मोजत. काम मात्र लई बदललंय. अवसरीपासून पिंपळवंडीपर्यंत सौरपंप बसताहेत, विजेच्या स्कूटर आल्यात, आणि जे नवं येतं त्याला तांबं लागतंच. भंगारवाला रोज विचारतो, "ताई, जुनं काय असंल ते काढा, तांबं पुरतच न्हाई." धूर नको म्हणून हे सगळं आणायचं, आणि त्यासाठी कुठं कुठं डोंगर खणत असतील कोण जाणे.

तुम्ही माझ्यावर एकदाच चिडलात. लग्नाआधी मी एका अनोळखी माणसाकडून जळकी तार घेतली होती. तुम्ही ती तळहातावर ठेवून म्हणालात, "ही मोटारीतली न्हाई. मोटारीतली वेटोळ्याची असती. ही केबल जाळून काढलीय, कुणाच्यातरी विहिरीवरची." मग मला स्कूटरवर मागे बसवून निरगुडसरला नेलंत आणि चार ठिकाणी विचारून ती मालकाच्या हातात माझ्याकडूनच द्यायला लावलीत. मी रस्ताभर रडत होते.

मागच्या आठवड्यात एक जण पोतं घेऊन आला. तोंड सोडलं आणि मला लगेच कळलं, सरळ तार, काजळलेली. तरी घेतलं. चार मोटारी उघड्या पडल्या होत्या, जुनं तांबं दिल्याशिवाय व्यापारी नवी तार देत नव्हता, आणि गिऱ्हाइकांचे फोन थांबत नव्हते.

तिसऱ्या दिवशी अवसरीचे भाऊ आले, तुमचे जुने गिऱ्हाईक. "सौरपंपाची केबल चोरून नेली बघा, चार दिस झाले. शेतीची लाइट रातचीच येती, आता परत तिच्यावर जुनी मोटार चालवायची." त्यांच्या उसात बिबट्याची मादी पिल्लांसह आहे. दिवसा पाणी देता यावं म्हणूनच त्यांनी तो पंप घेतला होता. पोतं माझ्या टेबलाखाली होतं. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "जपून जा, भाऊ."

परवा ते पोतं मी व्यापाऱ्याला देऊन नवी तार आणली. चारही मोटारी चालू झाल्या, लोक खूश आहेत. भाऊंची पाणी द्यायची पाळी आज रात्री आहे. फोन वाजला की अवसरीचा तर नाही ना, ते आधी बघते. अण्णा, तुम्ही असतात तर हे मी तुम्हाला सांगितलं नसतं.