पानावरची नक्षी

रोहिणखेड

प्रसेनजित भाऊ, जयभीम.

सकाळी तू फोनवर हरखून सांगत होता, "ताई, तुह्या बेण्याचा ऊस डोक्याच्या वर गेला. पानावर तीच पिवळी नक्षी हाय, लुगड्याच्या काठावानी." मी नुसती हो म्हणली.

गेल्या साली ती नक्षी मले चांगल्या जातीची खूण वाटली होती, म्हणून तशाच कांड्या निवडून तुले लावाले देल्या. औंदा माह्या वावरात ऊस बोटाएवढा बारीक राह्यला; मागच्यापेक्षा निम्माबी निघाला नाही. काल कृषी सहायक ती नक्षी पाहून म्हणाले, हा विषाणूचा रोग हाय, बेण्यातून पसरते, औषध नाही. सारी बेटं उपटून जाळा लागतीन.

अन् तू उद्यापासून गावाले बेणं वाटणार हाय. त्याले 'ताईचं बेणं' असं नाव पडलं म्हणे.

फोनवर हे सांगतलं नाही, म्हणून लिहून राह्यली. पण हे पत्र तिथं पोचेपर्यंत घराघरात कांड्या गेल्या असतीन. फोनच करा लागते. मोबाईल पुढ्यात हाय, तुहा नंबर काढून ठेवला.

खाली 'तुही ताई' लिहाले भेव वाटते.

महामाया