सभापतींच्या गळ्यात विरोधाचा हार

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप नवनाथदादा,

धाकट्या संध्याचा येवल्याकडे तोंड करून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? मागावर बसताना उशी घेतोस, की पदरावरच्या मोरांपुढे स्वतःला विसरतोस? वहिनीचा खोकला गेला असेल अशी आशा आहे (गेला नसेल तर अडुळशाचा काढा दे, आणि तिने तोंड वाकडं केलं तर माझं नाव सांग). इकडे आम्ही खुशाल. नुसते खुशाल नाही दादा, आम्ही जिंकलो! फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हं, हं' करत धोटा फेकत राहतोस आणि निम्मं ऐकतच नाहीस. म्हणून लिहिते. माग थांबव आणि वाच.

नगरसेविका झाल्यावर मला वाटलं होतं, पाण्याची नाहीतर रस्त्यांची समिती मिळेल. मिळाली कुठली, तर सरकार जे नवे कायदे करायला निघतं त्यांच्यावर शहराचं मत कळवायची समिती. (या समितीत चहासुद्धा गार येतो.) काम म्हणशील तर सोपं. सरकार मसुदा पाठवतं, आपण पाठिंबा द्यायचा, विरोध करायचा, नाहीतर दुरुस्ती सुचवायची. मुदतीत काहीच कळवलं नाही तर आपली संमती धरतात. तर या वेळचा मसुदा होता शहरातल्या विक्रीचा, आणि त्यात एक कलम असं, की हद्दीत जमिनीवर बसून कुणी काही विकायचं नाही, परवान्याचा गाळाच हवा. झालं! म्हणजे आमच्या सासूबाई, आक्काबाई, उठल्याच म्हणायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्या पंचवटी कारंज्यापाशी मळ्यातला झेंडू, शेवंती, मेथी घेऊन बसतात. ती जागा गेली तर त्या घरात बसून काय करणार? (मला बोलणार, दुसरं काय.) मी मसुदा वाचून दाखवला, तर डोक्यावरची पाटी खाली न ठेवता म्हणाल्या, "ह्याला तुझी कमिटी हो म्हणली ना, तर नगरसेविका तू बाहेर. ह्या घरात मला सून नाय."

आता आमचे सभापती गोटीरामभाऊ. माणूस वाईट नाही, पण मत विचारलं की त्यांना घाम फुटतो. विरोध करावा तर मुंबईतले वरचे नाराज, पाठिंबा द्यावा तर वॉर्डातले मतदार नाराज. म्हणून त्यांनी दुखवट्याचा आधार घेतला. कुणी मान्यवर गेलं की श्रद्धांजली वाहायची, दोन मिनिटं उभं राहायचं आणि सभा तहकूब, ही आपल्याकडची रीतच आहे. हा विषय आला रे आला, की भाऊंना कुणीतरी गेलेलं सापडायचंच. पहिल्यांदा सटाण्याचे कुणी माजी उपाध्यक्ष गेले. पुढच्या सभेला मनमाडचे एक पैलवान (ते गेले होते खरे, पण गेल्या वर्षी, बातमी उशिरा पोचली म्हणे). दोन्ही वेळा मी मान खाली घालून उभी, आणि मनात आक्काबाईंची पाटी. आता मुदतीच्या आत एकच सभा उरली होती, गुरुवारची.

तेवढ्यात कळलं, की आमच्या वॉर्डातले जुने नगरसेवक पुंजारामबाबा, नव्वदीला टेकलेले, दवाखान्यात आहेत आणि सभापतींचा माणूस सकाळ-संध्याकाळ प्रकृती विचारून जातो. मला आधी गहिवरून आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. श्रद्धांजलीचा मजकूर टाइप होऊन तयार होता रे, फक्त तारीख घालायची बाकी! मी पेजेचा डबा घेऊन धावले. मऊ भात, पेज, लिंबाचं सरबत, जे घशाखाली उतरेल ते भरवलं, आणि शेवटी न राहवून म्हणाले, बाबा, गुरुवार तेवढा काढा. बाबा ताडकन उठून बसले. "म्हणजे शुक्रवारी जाऊ का?" असे कडाडले, आणि त्या रागानंच त्यांना तरतरी आली बघ. राग उतरल्यावर आपल्या काळच्या गोष्टी सांगत बसले. त्यांच्या अभिनंदनाचे म्हणे कितीतरी ठराव झाले, एक तर नातू दहावी पास झाला म्हणून, आणि हाडवैऱ्यांनीसुद्धा बाकं वाजवली. अभिनंदनाला नाही म्हणायची कुणाची छाती नसते, असं ते सहज बोलून गेले. मी डबा तिथेच विसरून घरी आले.

गुरुवारी भाऊ पडेल चेहऱ्याने उभे राहिले आणि "अत्यंत दुःखद" एवढंच म्हणाले, तोच मी म्हटलं, सभापती महोदय, पुंजारामबाबांना घरी सोडलं, सकाळी मिसळ खाल्ली, वर तर्री मागितली. भाऊंचा हात कागदावरच राहिला. त्यांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी पंख्याकडे. अख्ख्या जिल्ह्यात कुणीच गेलं नव्हतं! मी लगेच अभिनंदनाचा ठराव मांडला. माननीय गोटीरामभाऊंचे हार्दिक अभिनंदन, कारण जमिनीवर बसून विकणाऱ्यांना उठवणाऱ्या कलमाला त्यांनी समितीच्या वतीने ठाम विरोध करून तो शासनाला कळवला. 'हार्दिक अभिनंदन'च्या पुढचं कोण ऐकतंय? बाकं दणाणली, भाऊ सवयीने "सर्वानुमते मंजूर" म्हणाले, आणि मजकूर त्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत अंगावर शाल, हातात नारळ, गळ्यात आमच्या मळ्यातल्या झेंडूचा मांडीएवढा जाड हार आणि समोर पेपरवाल्यांचे कॅमेरे. मी विरोध केला कधी, असं त्यांनी सचिवांच्या कानात विचारलं. सचिव शांतपणे म्हणाले, "अभिनंदन मंजूर झालंय साहेब. म्हणजे विरोध झालाच असणार." त्याच संध्याकाळी विरोधाचं पत्र मुंबईला गेलं.

आणि महिनाभराने, परवा, बातमी आली, सरकारने ते कलमच वगळलं! (विरोध आणखी पुष्कळ शहरांनी केला होता, पण हे येवल्यात कुणाला सांगत बसू नकोस.) आज सकाळी आक्काबाईंनी नेहमीच्या जागी पाटी उतरवली, तेव्हा मी रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होते. खोटं नाही सांगत दादा, निवडून आले त्या दिवशी रडले नाही, ती आज भर कारंज्यावर रडले.

मोठ्यांना दंडवत, पोरांचे गाल ओढ.

तुझी विजयी बहीण,
संध्या

ता.क. ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. आक्काबाईंनी पेपरातला भाऊंचा हारवाला फोटो कापून तराजूला अडकवलाय. गिऱ्हाइकाला जुडी देता देता सांगतात, ह्या देवमाणसानं कायदा अडवला. भाऊंनाही आता ते मनापासून पटलंय. पुढच्या खेपेला आमच्याच वॉर्डातून उभं राहायचं म्हणतात, आणि आक्काबाई मत त्यांनाच देणार! मी खरं सांगायला गेले तर म्हणतात, "तू तर टाळ्या वाजवीत व्हतीस, फोटूत दिसतंय की." माझं काही चालत नाही रे, पण तुझा शब्द त्या मानतात. तर रविवारी शाल, नारळ, हार घेऊन ये आणि त्यांच्या जागेवरच, सगळ्या बायांसमोर माझा सत्कार कर. मी सांगितलं म्हणून नको सांगू. मला काही माहीतच नसेल.

ता.क. दुसरा. मेले! पाकीट बंद करायच्या आत आमच्या सृष्टीने सगळं पत्र आजीला वाचून दाखवलं. आक्काबाईंनी पाटीतले झेंडू निवडायला घेतले. मग म्हणाल्या, "नवनाथला लिव्ह, हार तिकडनं आणू नको. सुनंचा हार माझ्याच पाटीतला पायजे. पाव्हण्याला बी भाव तोच." तेव्हा दादा, शाल आणि नारळ तेवढा आण. हाराच्या भावात घासाघीस करू नकोस, मी करून पाहिली.