मॅरेथॉनने खाल्लेलं रुखवत

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
संक्रांतीच्या आधीचा सोमवार

उमेळ्याच्या सौ. विहीणबाई सत्यवतीताई यांना विलासचा दोन्ही हात जोडून आणि मान बरीच खाली घालून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? हरेशरावांचा खोकला थांबला का? वाडीतल्या केळीला यंदा घड कसे धरलेत? आम्ही इथे ठीक. (विनयाचं डोकं दुखतं, पण त्याचं कारण मीच आहे असं तिचं म्हणणं असल्यामुळे ते आजारात धरत नाही.) पत्र अशासाठी, की लग्न झाल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. रचनाला रोज फोन करता, जितेशची, विनयाची, अगदी आमच्या कुंडीतल्या तुळशीचीही चौकशी करता, आणि माझं नाव निघालं की तुमची रेंज जाते. पाठवणीच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणालात, "या मानसाच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवनार नाय." तेव्हा वाटलं, रागात माणूस बोलतं. पण तुम्ही शब्दाच्या पक्क्या निघालात, आणि रचनाचा पहिला सण तोंडावर आला आहे.

मुलाच्या लग्नाच्या सकाळी त्याचा बाप गळ्यात शिट्टी अडकवून रस्त्यात काय करत होता, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनला स्वयंसेवक म्हणून मी नाव दिलं ते मुहूर्त निघायच्या आधी. निवृत्त माणसाला घरात कोणी काही विचारत नाही (हे हरेशरावांना कळायचं नाही, त्यांना वाडी आहे). तिथल्या प्रमुख मुलीने, ॲनिशाने, "अंकल, तुम्हाला जमेल ना?" असं विचारलं आणि मी विरघळलो. धावणं सकाळचं, लग्न दुपारचं. शिवाय मी घरात नसलो तर तयारी लवकर आटपेल, असं विनयानेच सांगितलं. मग प्रशिक्षण झालं. जन्मभर पाहुण्यांना पाणी दिलेल्या माणसाला, पाण्याचा ग्लास कसा धरावा हे पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं. टी-शर्ट मिळाला तो इतका तंग, की श्वास घेतला की 'स्वयंसेवक' हा शब्द रुंद व्हायचा.

माझी नेमणूक खाण्यापिण्याच्या टेबलावर, उमेळ्याची गल्ली मोठ्या रस्त्याला लागते तिथे. धावणाऱ्यांचा त्रास काहीच नाही हो, त्रास सगळा न धावणाऱ्यांचा. दोरी बांधली की वसईतल्या प्रत्येक माणसाला पलीकडेच काम निघतं. चर्चला निघालेल्या मर्लिनबाई म्हणाल्या, "अंकल, मिस्सा चुकली तर फादरला तुम्ही सांगनार काय?" शेवटी त्यांना मीच धावणाऱ्यांच्या घोळक्यातून पलीकडे पोचवलं, तर तिथे कोणीतरी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. परदेशी पाहुणा आपण दिलेलं पाणी अर्धवट पिऊन ग्लास आपल्याच पायाशी फेकतो, हे पचवायलाही मला वेळ लागला.

तेवढ्यात टेबलावरची केळी संपली. फोन केला तर ॲनिशा म्हणाली, "अंकल, खाण्याचा टेम्पो निघालाय, येईलच." आणि आलाच की! तुमच्या गल्लीतून, खोक्यांनी भरलेला. ड्रायव्हर कल्पेश म्हणाला, "काका, दोरी सोडा, लाडू-बिडू आहेत, हॉलवर टाकायचेत." आता बक्षीस समारंभही हॉलमध्येच होता. मी शिट्टी फुंकून म्हटलं, "हॉलमध्ये कोण धावतंय? भूक इथे लागते. उतरव!" पोरगं बिचारं टी-शर्टला घाबरलं. पहिलं खोकं उघडलं तर लाडवांना चांदीचा वर्ख. मला वाटलं, आंतरराष्ट्रीय म्हटल्यावर एवढं असणारच. एक लाडू मी स्वतः तपासणीसाठी खाल्ला आणि मनात म्हणालो सुद्धा, अगदी आमच्या विहीणबाईंच्या हातचा! (यापुढे विचार करायला हवा होता, हे मला मान्य आहे.)

ताई, पुढचं दृश्य तुम्ही पाहायला हवं होतं. जपानी माणूस करंजी हातात घेऊन धावतोय, उंचच उंच पोरं दोन्ही गालांत अनारसे भरून चालली आहेत, एकाने तर परत मागे येऊन चकली नेली. शेवटी हंगेरीची एक बाई लंगडत आली आणि रस्त्याच्या कडेला बसली. आता उठत नाही, असं हातानेच सांगितलं. मी तिला डिंकाचा लाडू दिला आणि शेवटचं खोकं उघडलं. त्यात सुपारीचे नवरानवरी, आणि खाली मोत्यांनी लिहिलेलं, 'जितेश – रचना'.

मीही तिच्या शेजारी बसलो. तिला वाटलं, हाही धावून दमलाय. तिने आपला अर्धा लाडू मला देऊ केला. मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं (इंग्रजीत विहीणबाईंना शब्दच नाही, त्या लोकांचं कसं भागतं कोण जाणे). ती ऐकत राहिली. मग उरलेला लाडू दोन्ही हातांत धरून अगदी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, मला हात धरून उठवलं, आणि धावत निघाली. शेवटून तिसरी आली, पण पोचली.

मी हॉलवर पोचलो ते त्याच टी-शर्टमध्ये. लांबलचक टेबल, त्यावर नवीकोरी चादर आणि मधोमध सुपारीचे नवरानवरी. तुम्ही एवढंच म्हणालात, "व्याहीबुवा, आता काय मांडू? तुमची शिट्टी?" सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. दिवाळीपासून तुम्ही खपत होतात, बोटं सुजली तरी लाडू दुसऱ्या कोणाला वळू दिले नाहीत, हे रचनाने मला नंतर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. माफ करा.

हरेशरावांना नमस्कार, तुमचे चिरंजीव दीपेश यांना आशीर्वाद.

तुमचा अपराधी व्याही,
विलास

ता. क. : पुढच्या मॅरेथॉनच्या टेबलासाठी 'तेच लाडू' मिळतील का, असं ॲनिशाने विचारलं आहे. धावणाऱ्यांनी पत्रं पाठवली म्हणे. मी तुमच्या वतीने हो म्हणून बसलोय. रागवायचंच असेल तर समोर येऊन रागवा. संक्रांतीला रचनाचं हळदीकुंकू आहे, त्या दिवशी मी घरीच असतो.

ता. क. दुसरा : मी घरी असणं ही अडचण असेल, तर तेवढा वेळ मी खाली बागेत बसेन. विनयाची याला हरकत नाही.

ता. क. तिसरा : रचनाने पत्र वाचलं. एवढं कशाला लिहिलंत, म्हणाली, आणि पेन घेतलं. खालचं अक्षर तिचं.

आई, रुखवत आपन परत मांडू. इथले पप्पा रोज गेटवर जाऊन बघतात, तू आलीस का. मीपन बघते. तू आल्याशिवाय हे घर माझं वाटत नाय. ये.