मुक्याची पैज

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांचे दिवस आटोपून मी सुखरूप पोचले. पिशवी खाली ठेवायच्या आत तुझ्या भाचीने आजोबांचा विषय काढला. तिला त्यांच्या गमती वहीत उतरवायच्या आहेत. आठ वर्षांची पोर, दुःख कसं करायचं ते कळत नाही, मग वही भरते. मी दोन सांगितल्या. शाळेतल्या बाईंनी आपलं शिलाई मशीन किती वर्षं चालेल असं विचारलं, तर बाबा म्हणाले होते की तुमच्या मिस्टरांपेक्षा जास्त, याला निदान तेल घालता येतं. आणि दुसरी त्यांची गॅरंटी. पावतीवर लिहायचे, मी जिवंत असेपर्यंत. त्यामुळे गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं की आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचं.

आता तुझ्याकडच्या पाठव. पन्नास वर्षं त्यांनी मशीनं दुरुस्त केली, त्यातली वीस तू शेजारच्या स्टुलावर होतास. माझ्याकडचा साठा लग्नापर्यंतचाच.

आईने दोन ओळी पाठवल्यात. तू दुकान उघडलं नाहीस आणि चहा सोडलास म्हणे. बाबा अंगात ताप असला तरी दुकान उघडायचे. हे कसलं खूळ घेतलंस डोक्यात? आईकडे बघ जरा. तीही हल्ली कामापुरतंच बोलते.

तब्येतीला जप आणि चार ओळी लगेच लिही.

तुझी,
ताई

२७ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भाचीला सांग, आजोबा नवी सुई बसवली की मशीनला म्हणायचे, आता नीट वाग, नाहीतर मुलाच्या हाती देईन. गिऱ्हाईक हसायचं आणि मी खाली मान घालून पट्टा ओवायचो. परवा टेलरबाई मशीन घेऊन आल्या, पावती दाखवली, ती वाचता वाचता त्यांच्याच लक्षात आलं आणि मशीन तसंच घेऊन परत गेल्या. यावर बाबा पोट धरून हसले असते.

चहाचं विचारलंस. ताई, मी तुला, आईला आणि डॉक्टरांना खोटं सांगितलंय.

आमची मुक्याची पैज तुला माहीत आहे. काम करताना जो आधी बोलेल त्याने चहा करायचा. वीस वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही. बाबा कधी घोरल्याचं सोंग करायचे, कधी हातोडी पाडायचे, आणि मी काय झालं म्हणून विचारलं की हरलो. त्या दिवशी चारला पैज लावून ते पायमशीनखाली पोतं टाकून उताणे झाले, पट्टा बदलायला. मी पाठमोरा बसून बॉबिन भरत होतो. थोड्या वेळाने पाना पडला. मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू. वळून बघितलंसुद्धा नाही. साडेचार झाले. आज म्हातारा माझ्या हातून सुटत नाही, म्हणून मी गालातल्या गालात हसत होतो.

मग तेलाचा ओघळ माझ्या पायाशी आला. तेलाची बुधली आडवी झाली होती आणि तेल त्यांच्या कॉलरखालून वाहत होतं. बाबांनी जन्मात तेलाचा थेंब वाया घालवला नाही. तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला. मी म्हटलं, आत्ताच. ते म्हणाले की अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आई शेजारीच उभी होती.

आता चहा समोर आला की कप तसाच परत सारतो. आईला सांगायची हिंमत नाही. तूही सांगू नकोस. माझ्यावर माया असेल तर ती राहू दे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुझा राग आला होता. खोटं कशाला लिहू? पहिल्या दिवशी वाटलं, तुझं तोंडही बघू नये. एका कप चहापायी माझे बाबा गेले, असंच मनात येत होतं.

मग त्यांचं जानेवारीतलं पत्र काढलं. त्यात त्यांनी लिहिलंय की छातीतल्या मशीनचा आवाज बदललाय, आणि हा माल जुना असल्याने पार्ट मिळत नाहीत. ते मी ऑफिसात मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. सगळ्या खूप हसल्या. मी त्यांना दवाखान्यात जा म्हणून एक ओळही लिहिली नाही. तेव्हा तुला कोणत्या तोंडाने बोलू?

पण आईला सांग. तिच्या हातचं दोन वेळा जेवतोस आणि हे पोटात ठेवतोस, ते चालायचं नाही. या आठवड्यात सांगितलं नाहीस, तर मी येऊन सांगेन. ती काय म्हणेल ते ऐकून घे. तुझ्यावर रागावले असले तरी तू माझाच आहेस.

ताई

१६ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

काल सांगितलं. आई दुकानात बाबांची हत्यारं पुसत होती. मी सगळं सांगेपर्यंत तिने हातातला पाना खाली ठेवला नाही.

मग म्हणाली की साडेचारला ती दारापर्यंत येऊन गेली होती. तिला मशीनखालून बाबांचे पाय दिसले, जराही न हलणारे, ते तिला सोंगच वाटलं, आणि मी बॉबिन भरताना दिसलो. पैज चालू आहे, मोडायला नको, म्हणून पावलं न वाजवता परत फिरली. म्हणजे मी डॉक्टरांना खोटं सांगितलं हे तिला तिथेच कळलं होतं. चाळीस दिवस ती मी बोलायची वाट बघत होती, आणि स्वतःचंही कुणाला सांगत नव्हती.

मी माफी मागितली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की आधी तू बोललास, तेव्हा चहा तू कर.

मी केला. ती कप धरून बसून राहिली, चहा पार निवला, तेव्हा प्याली. मीही प्यालो. आज दुकान उघडलं. टेलरबाईंचं मशीन मागवून घेतलंय.

भाचीच्या वहीत पैज लिहू दे. शेवटी कोण हरलं असं तिने विचारलं, तर मामा हरला असं सांग.

राग ओसरला नसला तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा,
धाकटा